पुढच्या साथीच्या लसीकरणासाठी फॅमिली डॉक्टरांना आजच लेखी मार्गदर्शन हवे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुढची साथ आली तर पहिल्या १०० दिवसांत देशाने काय करावे, याचा आराखडा नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडला. त्यानंतर २० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथील जागतिक आरोग्य सभेने साथरोगविषयक करार संमत केला. दोन्ही गोष्टींचे स्वागतच आहे. परंतु हे दोन्ही कागद ज्या पातळीवर लिहिले गेले, तिथून नागपूर परिसरातील नंदनवन, टेका, जरीपटका किंवा वाडी येथील दोन खोल्यांच्या दवाखान्यापर्यंत पोहोचणारा तिसरा कागद आम्हा फॅमिली डॉक्टरांच्या हाती अजून आलेला नाही. साथीच्या लसीकरणात फॅमिली डॉक्टरने नेमके काय करायचे, काय करायचे नाही, कोणाला विचारायचे आणि त्याचा खर्च कोण देणार, हे सांगणारी दहा-पंधरा पानांची, तारीख घातलेली आणि महापालिकेला तसेच डॉक्टरांनाही बंधनकारक असलेली पुस्तिका साथ नसतानाच तयार व्हायला हवी, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र आहे. ते काहीसे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व. पण तपशिलाशिवाय या विषयाला अर्थ नाही.

कोविडच्या लसीकरणाचा क्रम आठवून पाहावा. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, २ फेब्रुवारीपासून आघाडीवरचे इतर कर्मचारी आले, १ मार्चपासून साठीपुढचे सर्व नागरिक आणि सहव्याधी असलेले ४५ ते ५९ वयाचे लोक, १ एप्रिलपासून ४५ वर्षांपुढचे सर्व आणि १ मेपासून १८ वर्षांपुढचे सर्व. मार्चमध्ये खासगी क्षेत्राला वाट मोकळी झाली ती मुख्यतः आयुष्मान भारत, सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) आणि राज्याच्या आरोग्य विमा योजनांशी जोडलेल्या रुग्णालयांना. तिथे एका मात्रेचे २५० रुपयांपर्यंत घेण्याची मुभा होती. गल्लीतल्या दवाखान्याला या रचनेत जागा नव्हती, आणि ती का नव्हती हेही समजण्यासारखे आहे. डिसेंबर २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रतीक्षा, लसीकरण आणि निरीक्षण यांसाठी तीन स्वतंत्र खोल्या, पाच जणांचे पथक आणि एका सत्राला सुमारे १०० लाभार्थी असे माप ठरवले होते. आमचे दवाखाने त्या मापात बसणारे नव्हतेच.

मात्र त्याच मार्च महिन्यात सरकारने आमच्याकडून एक काम करून घेतले. ४५ ते ५९ वयोगटातील व्यक्तीला लस मिळण्यासाठी २० व्याधींची एक यादी जाहीर झाली आणि त्यांपैकी एखादी व्याधी असल्याचे प्रमाणपत्र कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीने चालेल असे ठरले. म्हणजे कोणाचा नंबर आधी लागावा हे सांगण्यापुरती आमची सही चालत होती. पण त्या माणसाला लस कुठे आणि कधी मिळेल, घेतल्यावर ताप आला तर काय करायचे, दुसरी मात्रा चुकली तर पुढे काय, यातले काहीही आम्हाला अधिकृतपणे कळवण्याची सोय नव्हती. पेशंट जे वाचत होता तेच व्हॉट्सअॅपवर आम्हीही वाचत होतो.

ती २० व्याधींची यादी बारकाईने पाहिली तर फॅमिली डॉक्टरचे महत्त्व आपोआप दिसते. मधुमेहाचा निकष असा होता की तो दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा असावा आणि सोबत रक्तदाबावर उपचार चालू असावेत. कोणाचा मधुमेह दहा वर्षांपूर्वीचा आहे हे रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डवर क्वचितच सापडते. ते सापडते गल्लीतल्या डॉक्टरच्या जुन्या वहीत, जिथे अमुक साली पहिल्यांदा साखर वाढलेली आढळली ही नोंद असते. त्याच यादीत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजारही होता. विदर्भात, विशेषतः नागपूर आणि पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, हा आजार किती घरांत आहे हे वाचकांना सांगायला नको. परंतु यादीला ४५ वर्षांची अट जोडलेली असल्यामुळे विशी-तिशीतले सिकलसेलचे रुग्ण, ज्यांना कोणताही संसर्ग महागात पडतो, ते मेपर्यंत रांगेबाहेरच राहिले. दिल्लीत यादी करणाऱ्याला हे सुचले नाही म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. जिल्हा पातळीवर यादीत भर घालण्याचा अधिकार आणि ती भर सुचवण्याचा मार्ग, या दोन गोष्टी पुस्तिकेत असल्या पाहिजेत.

म्हणून माझ्या मते पुस्तिकेचे पहिले प्रकरण लसीचे नसावे, रुग्णयादीचे असावे, आणि ते काम आजपासून सुरू करता येते. वय, घरचा पत्ता व झोन, स्वतःचा फोन आणि मुलाचा किंवा सुनेचा दुसरा फोन, दीर्घ आजार, रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे का, पूर्वी एखाद्या लसीची वा औषधाची गंभीर अॅलर्जी झाली होती का, गर्भवती आहे का, आणि माणूस अंथरुणाला खिळलेला आहे का, एवढी माहिती पुरेशी आहे. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. अंथरुणावरच्या आणि अपंग व्यक्तींना घरी जाऊन लस देण्याचा केंद्राचा निर्णय जाहीर झाला तो २३ सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे मोहीम सुरू होऊन आठ महिने उलटल्यावर. असे रुग्ण कोणत्या घरात, कितव्या माळ्यावर आहेत हे महिन्या-दोन महिन्यांनी कॅथेटर बदलायला जाणाऱ्या डॉक्टरला मोहिमेच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ही माहिती देताना रुग्णाची लेखी संमती घ्यावी आणि मनपाला फक्त आवश्यक तेवढीच कळवावी; एचआयव्ही किंवा मानसिक आजार असणाऱ्याचे नाव झोन कार्यालयातल्या टेबलावर उघडे पडणार असेल तर लोक आमच्याकडेही खरे सांगणार नाहीत.

या बाबतीत ब्रिटनचा अनुभव पाहण्यासारखा आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत तिथल्या सरकारने लसीकरणाचे मुख्य काम फॅमिली डॉक्टरांवरच सोपवले. लस पोहोचण्याआधीच डॉक्टरांच्या संघटनेशी करार झाला, प्रत्येक मात्रेमागे ५.२५ पौंड मिळतील असे ठरले, आणि सहा महिन्यांपासून ६५ वर्षांपर्यंतचे जोखमीचे रुग्ण, गर्भवती, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या घरातील माणसे असा क्रम लेखी कळवण्यात आला. ऑक्टोबरमध्ये लस आली तेव्हा तिचा खोका ५०० मात्रांचा होता, दोन कुप्या एकत्र करून ती तयार करावी लागे आणि मिसळल्यापासून २४ तासांत संपवावी लागे. म्हणून कोणत्या दिवशी किती लोकांना बोलवायचे याचे गणित दवाखान्यांना आधीच करावे लागले. कोविडच्या वेळी हे काम आणखी पुढे गेले. साधारण ३० ते ५० हजार लोकवस्तीमागे काही दवाखान्यांचा एक गट केला गेला, प्रत्येक मात्रेचा दर १२.५८ पौंड ठरला, आणि डिसेंबर २०२० मध्ये ९७५ मात्रांचे खोके या गटांकडे गेले. एकट्या दवाखान्याला ९७५ मात्रा मोजक्या दिवसांत संपवणे अशक्यच होते, म्हणून गट. अर्थात तिथे प्रत्येक नागरिकाचे नाव कोणत्या ना कोणत्या दवाखान्यात नोंदलेले असते आणि आपल्याकडे एकच माणूस तापासाठी एकाकडे, गुडघ्यासाठी दुसऱ्याकडे आणि साखरेसाठी तिसऱ्याकडे जातो, त्यामुळे तिथली व्यवस्था जशीच्या तशी इथे उचलून आणता येणार नाही. पण आधी करार, मग लस, हा क्रम आणता येईल.

आता एका लहान दवाखान्याचे गणित मांडतो, कारण सगळी अडचण आणि सगळा उपाय तिथेच आहे. कोविशील्डची कुपी दहा मात्रांची होती आणि उघडल्यापासून चार तासांत ती वापरावी लागे. लस घेतलेल्याला अर्धा तास बसवून ठेवायचे. माझ्या दवाखान्याच्या बाकावर एरवी सहा माणसे दाटीवाटीने बसतात; साथीत अंतर राखायचे तर तीन. म्हणजे तासाला सहा माणसे, आणि एक कुपी संपायला एक तास चाळीस मिनिटे. चार तासांत दोन कुप्या जेमतेम होतात, पण त्या वेळात नेहमीचे पेशंट बघता येत नाहीत आणि तापाचा माणूस त्याच दाराने आत येऊ द्यायचा नसतो. त्यात दहापैकी सातच आले तर तीन मात्रा वाया. त्यामुळे प्रत्येक दवाखान्याला वेगळी लस देणे शहाणपणाचे नाही, हे मी फॅमिली डॉक्टर असूनही स्पष्टपणे सांगतो.

उपाय गटाचा आहे. एका वस्तीतल्या दहा-बारा डॉक्टरांनी मिळून एक जागा घ्यावी, समाजभवन, शाळा किंवा मंगल कार्यालय, आणि लस, शीतसाखळी (लस थंड ठेवण्याची व्यवस्था), नर्स, संगणकावरची नोंद हे सगळे तिथे असावे. मे २०२१ मध्ये ज्येष्ठ आणि अपंगांसाठी घराजवळची लसीकरण केंद्रे सुरू करण्याच्या सूचना केंद्राने काढल्या होत्या. त्यांत समाजभवन, निवासी संघटनांची जागा, शाळा यांचा उल्लेख होताच. त्या सूचनांना फॅमिली डॉक्टरांच्या गटाची जोड दिली की बऱ्याच गोष्टी जुळतात. प्रत्येक डॉक्टरने आपल्या यादीतल्या माणसांना आदल्या दिवशी फोन करायचा, ठरावीक वेळ द्यायची, आणि कोणी आले नाही तर तासाभरात पोहोचू शकतील अशा जवळच्या चार-पाच जणांची राखीव यादी हाताशी ठेवायची. १ मे २०२१ नंतर काही सेकंदांत कोविनवरच्या जागा भरत होत्या आणि शहरातली तरुण मंडळी गाडी काढून काटोल, हिंगणा, कामठीकडच्या केंद्रांवर जात होती, तेव्हा ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांना कोणी फोन करत नव्हते. गटाची यादी त्यांच्यासाठी आहे.

कुपीतल्या थेंबाथेंबाचा हिशेबही पुस्तिकेत शिकवावा. मे २०२१ मध्ये केरळने केंद्राकडून मिळालेल्या ७३,३८,८०६ मात्रांतून ७४,२६,१६४ मात्रा दिल्याचे जाहीर केले होते. कुपीत थोडी जास्तीची लस असते आणि कुशल नर्स त्यातून अकरावी मात्रा काढते. तिथे हे राज्यभर झाले. यात कोणतीही जादू नाही, प्रशिक्षण आहे. मात्र दोन कुप्यांमधला उरलेला अंश एकत्र करून मात्रा पूर्ण करायची नाही, हेही तिथेच ठळक छापलेले असावे.

शीतसाखळीबद्दल नागपूरकरांना वेगळे सांगावे लागते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतप्यात दुपारी दोन तास वीज गेली तर दवाखान्यातल्या साध्या फ्रिजमधले तापमान किती वर जाईल याचा भरवसा नाही. लसीला २ ते ८ अंश हवेत. बहुतेक दवाखान्यांतला फ्रिज घरगुती असतो, त्यात इन्सुलिन, धनुर्वाताच्या लसी आणि कधीकधी कंपाउंडरचा डबाही असतो. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, पण तितकाच मोठा धोका लस गोठण्याचा आहे आणि त्याकडे लक्ष जात नाही. अॅल्युमिनियमयुक्त लसी, ज्यांत धनुर्वाताची लस, हिपॅटायटिस बी आणि कोव्हॅक्सिनही येते, एकदा गोठल्या की निकामी होतात, आणि बाहेरून पाहून ते ओळखू येतेच असे नाही. म्हणून घरगुती फ्रिज वापरायचाच असेल तर लस बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवायची नाही, दारातही ठेवायची नाही, मधल्या फळीवर ठेवायची. खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या म्हणजे वीज गेली तरी तापमान सावकाश चढते. थर्मामीटर आत ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचा. गटाच्या केंद्रावर मात्र आरोग्य खात्याच्या वापरातला आयएलआर, म्हणजे वीज गेली तरी बराच वेळ थंड राहणारा लसीचा खास फ्रिज, आणि इन्व्हर्टर असल्याशिवाय लस पाठवूच नये. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या पेटीत, बर्फाच्या लाद्या फ्रीझरमधून काढून तशाच घालायच्या नाहीत. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे आणि मगच लावायच्या, ही गोष्ट एएनएम (परिचारिका-प्रसाविका) भगिनींना पाठ असते आणि आम्हा डॉक्टरांपैकी अनेकांना कोणी कधी दाखवलेली नसते. उन्हाळ्यात सत्र सकाळी सातला सुरू करून अकरापर्यंत आटोपावे. एप्रिल-मे २०२१ मध्ये टिनाच्या शेडखाली दुपारी बारापर्यंत ताटकळणारे ज्येष्ठ नागरिक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे कारण विचारावे लागणार नाही.

टोचणार कोण, हा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. वस्त्यांमध्ये दवाखाना चालवणाऱ्यांत बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत, आणि कोविडच्या सूचनांत टोचणारे म्हणून एमबीबीएस व बीडीएस डॉक्टर, नर्स, एएनएम, फार्मासिस्ट यांचा उल्लेख होता. यावरून वाद घालत बसण्यापेक्षा काम वाटून घ्यावे असे मला वाटते. सुई प्रशिक्षित नर्सने टोचावी. यादी करणे, फोन करणे, तपासून आज लस द्यायची की पुढे ढकलायची ते ठरवणे आणि नंतरची विचारपूस, ही कामे त्या वस्तीतल्या ओळखीच्या डॉक्टरने करावीत, मग त्याची पदवी कोणतीही असो. गटात एक तरी एमबीबीएस डॉक्टर सत्राच्या जागी पूर्णवेळ हजर असावा, कारण पुढचा मुद्दा त्याच्याशी संबंधित आहे.

लस घेतल्यावर लगेच कोसळणाऱ्या माणसांत बहुतेकांना केवळ भोवळ आलेली असते. चेहरा पांढराफटक, घाम, नाडी मंद, आणि आडवे करून पाय वर उचलले की दोन मिनिटांत माणूस बोलायला लागतो. खऱ्या अॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अॅलर्जीत, नाडी जलद आणि क्षीण असते, अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा जीभ सुजते, आवाज बसतो, छातीत सूं-सूं वाजते. या दुसऱ्या माणसाला अॅड्रिनॅलिन लागते, १:१००० तीव्रतेचे, प्रौढाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, ताबडतोब. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा. आपल्याकडे हात आधी एव्हिल (अॅलर्जीचे औषध) आणि इफकॉर्लिन (स्टिरॉइड) यांच्याकडे जातो, कारण वर्षानुवर्षांची सवय तशी आहे. ती औषधे नंतर द्यावीत, पण त्यांनी जीव वाचत नाही. पुस्तिकेतले हे एक पान मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावण्यासारखे करावे, त्यावर वयानुसार मात्रा असावी, आणि अॅड्रिनॅलिनच्या अॅम्प्यूलची मुदत दर महिन्याला तपासून सही करण्यासाठी रकाना असावा. मेडिकल, मेयो किंवा एम्स या मोठ्या शासकीय रुग्णालयांपैकी आपल्या वस्तीला सर्वांत जवळचे कोणते आणि तिथे फोन कोणाला करायचा, हेही त्याच पानावर हवे.

उशिरा दिसणाऱ्या दुष्परिणामांचा विषय तर थेट आमच्या दवाखान्याशीच निगडित आहे. १७ मे २०२१ रोजी आरोग्य मंत्रालयाने कोविशील्डनंतर क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांविषयी सूचना काढली. दहा लाख मात्रांमागे ०.६१ असे त्या वेळचे प्रमाण त्यात दिले होते. धाप, छातीत दुखणे, हातापायाला सूज, सतत पोटदुखी, तीव्र डोकेदुखी, टोचलेल्या जागेपासून दूर त्वचेवर लाल ठिपके, यांपैकी काही लस घेतल्यापासून २० दिवसांत झाल्यास लसीकरण केंद्राला कळवावे असे त्यात म्हटले होते. पण प्रत्यक्षात डोके दुखले म्हणून लसीकरण केंद्रावर कोण जातो? तो गल्लीतल्या डॉक्टरकडे येतो, आणि त्या डॉक्टरला ती सूचना पोहोचलेली नसेल तर तो दुखण्याची गोळी देऊन परत पाठवतो. गेल्या २० दिवसांत लस घेतली आहे का हे विचारणे, प्लेटलेट मोजून घेणे आणि शंका असल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवणे, एवढेच करायचे असते. म्हणून लसीकरणात भाग घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा सर्वच डॉक्टरांपर्यंत ही माहिती पोहोचवणे मनपाने बंधनकारक मानावे, आणि गंभीर घटना २४ तासांत कोणत्या अधिकाऱ्याला, कोणत्या नमुन्यात कळवायची ते सोदाहरण द्यावे.

सूचना बदलतात, याबद्दल तक्रार नाही. विज्ञान पुढे जाते तसे त्या बदलणारच. कोविशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर आधी चार ते सहा आठवडे होते, २२ मार्च २०२१ रोजी ते आठ आठवड्यांपर्यंत वाढवले आणि १३ मे रोजी १२ ते १६ आठवडे केले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले: आमची तारीख उद्याची आहे, जायचे की नाही? लस कमी आहे म्हणून अंतर वाढवले का? आम्हाला तेवढेच ठाऊक होते जेवढे टीव्हीवर दाखवले गेले. यापुढे प्रत्येक सूचनेला क्रमांक आणि तारीख असावी, जुनी कोणती रद्द झाली ते वर लिहिलेले असावे, मराठी आणि हिंदी दोन्ही मजकूर एकाच वेळी निघावेत, आणि बातमी प्रसिद्ध होण्याच्या आधी, निदान बरोबरीने, ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या फोनवर यावी. सूचनेसोबत बदलाचे कारणही दोन ओळींत द्यावे. कारण कळले की पेशंटला समजावता येते. नुसता आदेश पुढे पाठवला की तो अफवेच्या शेजारी जाऊन बसतो.

समजावण्याच्या कामाबद्दल थोडे अधिक. लस नको म्हणणारा माणूस प्रत्येक वेळी अडाणी किंवा आडमुठा असतो असे मानण्याची पद्धत मला मान्य नाही. कोणाची दोन दिवसांची मजुरी तापामुळे बुडणार असते. कोणाची सून गर्भवती असते, आणि गर्भवतींना लसीची परवानगी २ जुलै २०२१ रोजी आली, तोपर्यंत तिला नको असे आम्हीच सांगत होतो. कोणाला अँजिओप्लास्टी झालेली असते आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीवर सुई टोचली तर काय होईल याची धास्ती असते. त्याला बारीक सुई वापरू, जागा न चोळता काही मिनिटे घट्ट दाबून धरू, गोळी बंद करायची नाही, एवढे सांगितले की तो उठून रांगेत उभा राहतो. हे पाच मिनिटांचे बोलणे शंभर जणांच्या रांगेत बसलेल्या कर्मचाऱ्याकडून होऊ शकत नाही. मोमिनपुरा वस्तीत काय आणि महाल भागात काय, ज्याने घरातल्या तीन पिढ्यांना औषध दिले त्याच्या शब्दाला वजन असते. पुस्तिकेत अशा नेहमीच्या वीसेक शंका आणि त्यांची खरी, गुळगुळीत न केलेली उत्तरे असावीत. दुष्परिणाम होतच नाहीत असे उत्तर त्यांत नसावे.

कचऱ्याबाबत नियम २०१६ पासून स्पष्ट आहेत. वापरलेली सुई कटरमध्ये कापून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची आणि तो नियमित उचलला जाईल याची जबाबदारी कोणाची ते करारात लिहायचे, एवढे पुरे. नोंदी त्याच दिवशी संगणकावर चढवाव्यात. मात्र त्यासाठी गटाला एक डेटा ऑपरेटर द्यावा, नर्सला की-बोर्डवर बसवू नये.

पैशाचा विषय काढला की डॉक्टर लगेच धंदेवाईक ठरतो, तरीही तो काढतो. ८ जून २०२१ रोजी केंद्राने खासगी केंद्रांना एका मात्रेमागे जास्तीत जास्त १५० रुपये सेवाशुल्क घेण्याची मुभा दिली, ती लाभार्थ्याकडून. मी सुचवतो ते वेगळे आहे: लस मोफत, लाभार्थ्याकडून एक पैसाही नाही, आणि गटाला प्रत्येक मात्रेमागे ठरलेली रक्कम शासनाने द्यावी, घरी जाऊन दिलेल्या मात्रेला थोडी अधिक. रक्कम आधी ठरावी आणि महिन्याच्या महिन्याला मिळावी. त्याहून मोठा प्रश्न संरक्षणाचा आहे. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांच्या विम्याची योजना आली. त्याच काळात दवाखाने उघडे ठेवण्याच्या नोटिसा खासगी डॉक्टरांना निघाल्या. नवी मुंबईत अशा नोटिशीनंतर दवाखाना चालू ठेवलेल्या एका डॉक्टरांचा कोविडने मृत्यू झाला, आणि त्यांच्या सेवा रीतसर मागवल्या नव्हत्या या कारणाने कुटुंबाचा दावा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. यावरून एक वाक्य करारात असायलाच हवे: या गटातील डॉक्टर, नर्स आणि कंपाउंडर यांच्या सेवा शासनाने मागवलेल्या आहेत असे मानले जाईल. तसेच सूचनांप्रमाणे लस देऊनही दुर्घटना घडली तर चौकशी तज्ज्ञ समितीकडे जाईल आणि २०१० चा डॉक्टरांवरील हल्ले रोखणारा राज्याचा कायदा सत्राच्या जागेलाही लागू धरला जाईल, हेही लिहावे.

यावर आक्षेप येतील आणि काही रास्त आहेत. खासगी डॉक्टर आपल्या ओळखीच्यांना पुढे घुसवतील, मोफत लस विकतील, दर्जा सांभाळणार नाहीत. असे करणारे आमच्यात आहेत, हे नाकारण्यात हशील नाही. म्हणूनच लस एकेका डॉक्टरकडे न देता गटाकडे द्यावी, यादी आधी मनपाकडे जमा असावी, कुपीनिहाय हिशेब रोज संध्याकाळी द्यावा आणि झोनच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने न कळवता येऊन वही व फ्रिज पाहावा. ज्याचा हिशेब जुळत नाही त्याला गटातून काढावे. मनपाची स्वतःची केंद्रे आणि एएनएम यांचे काम यामुळे कमी होणार नाही. उलट ज्यांच्यापर्यंत त्या पोहोचू शकत नव्हत्या ती घरे त्यांना सापडतील.

हे सगळे कागदावर बरे वाटते, म्हणून आधी एका छोट्या भागात करून पाहावे अशी विनंती आहे. शहराच्या दहा झोनपैकी एक निवडावा, समजा सतरंजीपुरा किंवा हनुमाननगर. तिथल्या दहा-बारा दवाखान्यांचा एक गट करावा आणि साठीपुढच्या तसेच मधुमेही, दमेकरी, सिकलसेलच्या रुग्णांना पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस याच पद्धतीने द्यावी. महिना मुद्दाम मे निवडावा. शीतसाखळी नागपूरच्या मे महिन्यात टिकली तर ती कधीही टिकेल, आणि टिकली नाही तर ते साथ नसताना कळलेले बरे. फोन केलेल्यांपैकी किती आले, किती मात्रा वाया गेल्या, किती वेळा तापमान ८ अंशांच्या वर गेले, अंथरुणावरच्या किती जणांना घरी लस मिळाली, एवढे चार आकडे जाहीर करावेत आणि त्यांच्या आधारे पुस्तिका पक्की करावी. आमच्या भागातील काही डॉक्टर अशा गटात येण्यास तयार आहेत. झोन कार्यालयाने बोलावल्यास रुग्णयादीचा कच्चा नमुना घेऊन आम्ही येऊ.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर
नंदनवन, नागपूर